छपराखाली शिडी

हेस्कॉमची लाईट गेलीय. उद्यमबागेत सगळी शेडं गप्प.
नव्या मशीनच्या दारावरचा पिवळा कागद तेवढा
झरोक्यातल्या उजेडात दिसतोय:
त्रिकोण, त्यात वीज, खाली चार चिनी अक्षरं.
"मालक, काय लिवलंय ओ हितं?" नवा पोरगा विचारतो.
"हात घालू नको म्हणून असेल."
इराण्णा असता तर म्हणाला असता,
"जेवलास काय, असं लिवलंय बघ."

निंगबोत सौदा शुक्रवारी संध्याकाळी मिटला.
विमान सोमवारचं.
मधले दोन दिवस कुणाच्याच हिशेबात नव्हते.
बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी, कॅम्पातला दोन किलो कुंदा.
इराण्णा बैलहोंगलचा. मी येळ्ळूरचा;
नाव सांगितलं की लोकांना आधी पाटी आठवते,
मग तांदूळ.

तिथं रस्ताभर पाट्याच पाट्या.
लाल, निळ्या, उभ्या, गळ्यापर्यंत आलेल्या.
एकही वाचता येईना.
कुठली भाषा वर, कुठली खाली,
कुणाचं अक्षर किती इंचाचं,
हे माझे डोळे आपोआप मोजतात, लहानपणापासून,
खिशात टेप असल्यासारखे.
तिथं टेप गुंडाळलेलीच राहिली.
"आता दोघंबी अडाणी," इराण्णा म्हणाला,
आणि बुटाची लेस सोडून फुटपाथवरच बसला.

तळ्याकाठी एका म्हातारीचं दुकान.
इराण्णानं फोनला कन्नडात सांगितलं,
मटण नको, अंडं नको, मासा नको.
मी मराठीत सांगितलं, त्याला कांदा चालतो.
फोननं दोन्ही वेळा एकाच बाईच्या आवाजात चिनी काढलं.
म्हातारी दोन्ही वेळा सारखीच हसली
आणि दोन्ही वाडग्यांत कोळंबी घालून घेऊन आली.
इराण्णा एकेक कोळंबी चिमटीत धरून
माझ्या वाडग्यात टाकत गेला,
लेकराच्या पोह्यांतली मिरची वेचावी तसा.

मग आम्ही तिला कुंदा दिला.
तिनं वास घेतला, जिभेवर ठेवला, फोनकडे वाकून काही बोलली.
फोन म्हणाला, "ही माती गोड का आहे?"
"आमच्याकडची आहे म्हणून," इराण्णा म्हणाला.
कुठल्या भाषेत म्हणाला ते आता आठवत नाही.

रविवारी रात्री हॉटेलचं कार्ड हरवलं.
फोन दोन्ही मेले.
एकाच चौकात तीनदा आलो; तोच फळवाला,
तीच सायकल, चेन निघालेली.
"छपरासारखं काहीतरी होतं की रे दारावर,"
इराण्णा तळहातावर बोटानं काढायला लागला.
"खाली शिडी," मी म्हटलं.
"शिडी नव्हं, कपाट."
भांडलो. पावसात, त्या एका अक्षरावरून
असे भांडलो की फळवाल्यानं छत्री बाजूला करून बघितलं.
आणि मग दोघांनाही एकदमच दिसलं ते,
चौथ्या इमारतीवर, अर्धी ट्यूब गेलेली.
इराण्णा आणि मी एका शाळेत कधी बसलो नव्हतो.

आज एकतीस ऑक्टोबर.
इराण्णा दुपारीच गेला, परवा येतो म्हणाला.
उद्या तो कुठं असतो ते मी विचारत नाही,
मी कुठं असतो ते तो विचारत नाही.
चौदा वर्षांची भागीदारी आहे,
एवढं न विचारणं त्यात धरलेलंच आहे.
बाहेरच्या बोर्डावर दोनदा डांबर बसलं,
एकदा माझ्या बाजूच्या पोरांनी, एकदा त्याच्या.
दोन्ही वेळा रॉकेलचा बोळा घेऊन
पुसायला आम्ही दोघंच.
खरवडलेला पत्रा अजून तसाच आहे.

हा पिवळा कागद मात्र कोराच्या कोरा.

लाईट आली.
मशीन हुंकारतं. पडद्यावर आधी चिनी उमटतं, मग इंग्रजी.
पोरगा हिरवं बटण शोधतोय.
"थांब जरा," मी म्हणतो,
आणि चष्मा पुसून
त्या पळत्या अक्षरांत
छपर शोधतो.